जिथून उडालं तिथे

११ ऑगस्ट
पेटी जीपच्या टपावरून अर्धी खाली आली आणि दोर सुटला. हवालदार भगवंतरावांनी ती छातीवर झेलली आणि विचारलं, "कुलदीप साहेब, थे ड्रोन पाडाच्या आंधी मलेच पाडता का?" चौकीसमोर जमलेले सगळे हसले. मीही हसलो.

निंभोरखेड दुसरबीडच्या रस्त्यापासून आत आहे. महिनाभर इथे दिवस मावळताना ड्रोन दिसतो. कुणाचा ते कळत नाही, म्हणून वायरलेस शाखेने मला पाठवलं. पेटीतलं यंत्र ड्रोनचा सिग्नल तोडतं. माझी खोली चौकीतच, मागच्या बाजूला. खिडकीतून कपाशी दिसते. जेवण भगवंतरावांकडे. भाकरी गरम होती.

१२ ऑगस्ट
पाहिला. चिंचेच्या वर, स्थिर. लोक ओट्यांवर माना वर करून बसतात. पुंजाजी नावाचे म्हातारे म्हणाले, चालवा की यंत्र. मी सांगितलं, जिल्ह्याच्या लेखी आदेशाशिवाय मला अधिकार नाही. तसं केलं तर गुन्हा माझ्यावरच. ते म्हणाले, "अन् त्याले कोनता कागुद लागते वर उडाले?" पुन्हा हशा.

धीर यावा म्हणून मी समजावून सांगितलं. सिग्नल तुटला की ड्रोन पडत नाही, जिथून उडाला तिथे आपोआप परत जातो. म्हणजे मालक आपल्यालाच दिसेल. ड्रोन आमच्या डोक्यावरच होता.

१४ ऑगस्ट
समीना चौकीत आली होती. बचत गटाचा फवारणीचा ड्रोन ती चालवते. गावाला संशय, म्हणून तिने तो आपणहून जमा केला. आमच्या कुलपात आहे. तरी घरावर दगड येतात. तिचे वडील फकीर मोहम्मद मोटारपंप दुरुस्त करतात. त्यांच्याकडे आता कुणी मोटार आणत नाही. ती म्हणाली, "साहेब, माहं कुलपात हाय अन् थे आभायात हाय. इतकं तं म्हशीलेही समजते." भगवंतरावांना हसू आवरेना. मी तिला शब्द दिला. आदेश येऊ दे, खरा मालक सगळ्यांसमोर दाखवतो.

१७ ऑगस्ट
आदेश आला. संध्याकाळी सारं गाव चौकात. यंत्र सुरू केलं. पडद्यावर काहीच नव्हतं. सिग्नल नाही, म्हणजे चालवणाराही नाही. तोडायला काही नव्हतंच. तरी बटण दाबलं. सगळे बघत होते.

तो वळला. सावकाश समीनाच्या घराकडे गेला आणि छपरावर उतरला.

लोक धावले. पत्र्यावर काही सापडलं नाही. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दार फोडलं. फकीर मोहम्मदांचं मनगट मोडलं. भगवंतराव मध्ये पडले म्हणून तेवढ्यावर राहिलं. बाप-लेकीला चौकीत आणलं आहे. पडदा कोरा होता हे मी कुणालाच सांगितलं नाही.

१८ ऑगस्ट
जे सिग्नलवर उडत नाही ते सिग्नल तुटून परत कसं जाईल? यंत्राने ते वळवलं नाही. बारा तारखेला मी समजावून सांगत होतो तेव्हा ते वरच होतं. त्याने ऐकलं. लोक कुणाकडे बघतात तेही त्याला दिसत असणार.

जिल्ह्याला फोन केला. म्हणाले, लेखी कळवा, आदेश लागू आहे, कारवाई चालू ठेवा.

आज बटण दाबलं नाही. ते हललं नाही. लोकही हलले नाहीत. सकाळपासून वर आहे. एवढी बॅटरी कुठल्याच—

१९ ऑगस्ट
आता चौकीच्या वर.

पुंजाजी दारात येऊन विचारून गेले, पोरीले काऊन लपवून राह्यले? उद्या तुम्ही काढा, नाही तं आम्ही काढतो. आवाज चढवला नाही. मागे सगळे उभे होते. समीनाने वडिलांचा चांगला हात धरून ठेवला आहे.

२० ऑगस्ट
लोकांना खरं सांगणार. मी बोलत असताना सगळे माझ्याकडे बघतील. तेवढ्यात भगवंतराव दोघांना मागच्या दाराने मोटारसायकलवर घेऊन निघतील.

सांगितलं. पडदा कोरा होता. समीनाचा संबंध नाही. मीच हे लपवलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर.

आत आलो. कडी लावली.

मोटारसायकल लांब गेली. आता ऐकू येत नाही.

पेटी बंद आहे. वायर काढली आहे. तरी ते खाली—

पत्र्यावर काहीतरी टेकलं. हलकेच. माझ्याच—

बाहेर पावलं. कडी—

२१ ऑगस्ट
हे मी, हवालदार भगवंतराव, लिहीत आहे. सकाळी देऊळगाव राजाहून परत आलो. समीना व तिचे वडील दवाखान्यात आहेत, सुखरूप आहेत. चौकीचं दार मोडलेलं. कुलदीप साहेब नाहीत. गावात विचारलं, कुणी काही पाहिलं नाही म्हणतात. पुंजाजी चहा पाजून म्हणाले की समीनाने आता खुशाल घरी यावं, तिच्यावर कुणाचा राग राहिलेला नाही. लोक ओट्यांवर बसले आहेत. मी अजून वर पाहिलेलं नाही.