अप्पांना न्यायला येऊ नका

भवानी पेठ, सोलापूर
बुधवार, ८ जानेवारी १९७५

ती. गुरम्माक्कास,

धाकट्या शिवपुत्राचे शरणु शरणार्थी. दाजींनाही नमस्कार सांग. तुझं पत्र सोमवारी मिळालं. ज्वारी हुरड्यात आली, गाय व्याली, वाचून बरं वाटलं. अप्पांना दोनदा वाचून दाखवलं. शेवटचा मजकूर मात्र मी मनातच वाचला. येत्या रविवारी दाजी येणार आणि अप्पांना कायमचं मंगळवेढ्याला नेणार, हे तू परस्पर ठरवून टाकलंस. अक्का, लई राग आला. म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय. तरी थोडा उरलाच आहे, तेवढा सोसून घे.

आधी तब्येत. मधुमेहानं डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलंय. गेलेली नजर परत येणार नाही, साखर आवरली तर उरलेली टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. अप्पांना दाराचा उजेड कळतो, दारात कोण उभं आहे ते कळत नाही. सकाळचं इंजेक्शन मीच देतो. पहिल्या दिवशी मी सुई धरून नुसताच बसलो, तर म्हणतात, "टोच की लेका, मी काय पोतं हाय व्हय फाटायला?"

लघवी तपासायला निळं औषध काचनळीत तापवावं लागतं. साखर नसली तर निळंच राहतं, असली की हिरवं, पिवळं, विटकरी होत जातं. "आज कंचा रंग?" हे त्यांचं रोजचं. काल पोपटी म्हणालो तर हसले. "तीस वर्सं लोकांचं सूत रंगवलं, आता डॉक्टरनं माज्या पोटातच रंगखाना काढला."

तू विचारतेस, दिसत नसलेला माणूस रंगखान्यात उकळत्या हौदांपाशी काय करतो. हौदापाशी मी असतो. अप्पा दाराजवळ स्टुलावर बसतात. मी सूत उजेडात धरून रंग सांगतो. लाल, मरून असलं त्यांना चालत नाही. "करवंद की वांगं?" वांगं म्हणालो तर, "देठाजवळचं की बुडाचं?" एवढं सांगितलं की कोणता रंग किती टाकायचा ते मला सांगतात. मालक मानसिंगशेठ आले की आम्ही कानडीत बोलतो. त्यांना कानडी येत नाही. अप्पांना दिसत नाही, हे पाच महिने त्यांना कळलं नाही.

आणि एक. "आमच्या शिवपुत्रानं बापासाठी कॉलेज सोडलं" असं तू तिकडे चारचौघांत सांगतेस म्हणे. ते बंद कर. मी तुला तसं म्हणू दिलं, ऐकायला गोड वाटत होतं. खरं वेगळं आहे. वर्गात महानंदा म्हणून मुलगी होती. तिच्याबद्दल एकानं घाण शब्द काढला, मी त्याला व्हरांड्यात बडवला. प्राचार्यांनी माफी लिहून मागितली. मी कोरा कागद फाडून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघालो. तिनं मला भांड म्हणून सांगितलं नव्हतं. ती माझ्याशी धड चार वाक्यं बोललेली नव्हती.

घरी बसायची लाज वाटून रंगखान्यात गेलो. तिथं अप्पा चिमटीतला नमुन्याचा धागा डोळ्यांशी धरून निरखत होते. चिमटीत धागा नव्हता, अक्का. तो खाली पडला होता.

गेल्या गुरुवारी सकाळी कळलं, महानंदाचं लग्न हुबळीला ठरलं. त्याच दिवशी डाळिंबी सुताचा मोठा माल होता. अप्पांनी तीनदा विचारलं, "कसा दिसतोय?" मी न बघताच म्हणालो, "झाला, डाळिंबी." सूत वाळल्यावर बघतो तर विटकरी. साड्यांच्या काठाचा माल, दुसऱ्या दिवशी मागावर जायचा होता.

मानसिंगशेठ सगळ्या कामगारांसमोर ओरडले, "मिस्त्री, हे डाळिंब आहे?"

अप्पा उठून उभे राहिले. म्हणाले, "शेठ, मला दिसत न्हाय. पाच महिने झाले. चूक माजी."

मला वाचवायला त्यांनी आपली तीस वर्षं पणाला लावली. मी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण माझं डोकं तुला ठाऊक आहे. ओरडलो, "खोटं! बघायचं काम माझं हाय. मी बघितलं न्हाय, चूक माझी!"

शेठ खुर्चीत बसले. "आता दोघं मिळून दुरुस्त करा. नाहीतर उद्यापासून दोघंही घरी."

अप्पांनी मला शिवी दिली नाही. नुसतं विचारलं, "वीट ओली की वाळकी?" वाळकी. "पिवळी झाक?" थोडी, कडेला. "डाळिंब फोडल्यावर दाण्याच्या टोकाला जो रंग असतो, त्याच्यापासनं किती लांब?" मी डोळे फाडून बघत होतो, ते मान हलवत होते. मग मापं सांगितली. मी टाकत गेलो. मध्येच म्हणाले, "काढ." मी म्हणालो, हा तर जास्तच गडद दिसतोय. "काढ म्हणतो की!" वाळल्यावर मानसिंगशेठनी नमुन्याची लड त्या सुतात ठेवली, आणि नंतर त्यांनाच ती सापडेना. दोनदा चाळलं.

जाताना एवढंच म्हणाले, "मिस्त्री, उद्यापासून पोराचं नाव हजेरीला लावा." कामगारांनी अप्पांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

तुझ्याकडे माया आहे, दूध आहे, अंगण आहे. पण तिथं अप्पांना कुणी रंग विचारणार नाही.

हे सगळं पत्र आत्ता त्यांना वाचून दाखवलं, तू त्यांना न्यायचं ठरवलंस तेसुद्धा. त्यांनी कागद हातात घेऊन चाचपला. मग म्हणाले, "ही महानंदा दिसायला कशी?" मला सांगता येईना. "मग लई शिकायचंय अजून तुला," म्हणाले. अजून तिच्या गल्लीत सायकल हळू होते, अक्का. होईल बंद.

रविवारी दाजींनी जरूर यावं. गरम भाकरी-पिठलं जेवावं. आणि एकट्यानं परत जावं.

तुझा
शिवपुत्र

ता. क. खाली तिरकी गेलेली सही अप्पांची आहे. हात धरू दिला नाही.