राग उतरवत गेल्यावर

चिरंजीव भागवत, तुला एक आई आहे, ध्यानात असंल तर तिचा पुण्याहून आशीर्वाद. चार दिवस फोन उचलून न्हाई राह्यला, म्हणून तुझ्या लेकीला लिहायला बसवलं.

आकांक्षा खुशाल आहे. एकमेकांना ओढणारे कण कसे वागतात, ते ती क्वांटम कॉम्प्युटरवर बघते. मशीन लई गडबडीचं. मंग पोरगी मुद्दाम गडबड दुप्पट, तिप्पट करते, उत्तर किती बिघडतं ते बघते अन् मागं येत येत बिनगडबडीचं उत्तर काढते.

मीबी तेच केलं. बांधावर तू फावड्यानं चुलतभावाचा, भुजंगचा जबडा फोडला, दोन दात मातीत पडले, हे समदेच सांगतात. पण भुजंगनं आधी काय केलं? तुझी बायको लई रागात, ती म्हणाली कुऱ्हाड उगारली. शेजारीण जरा थंड, ती म्हणाली काठी. सालगडी शांत, तो म्हणाला नुसता हात. अजून राग उतरवला तर भुजंगनं हातसुद्धा उचलला नव्हता. बराबर?

आकांक्षा लिहिता लिहिता रडून राह्यली. तू जेवतोस का?

भुजंगला चावता येत न्हाई. ज्वारीची पातळ आंबील त्याच्याकडं पाठव. ताक घालू नको, जखमेला झोंबंल. अन् भांडं तूच घेऊन जा.

तुझी आई, झुंबरबाई