दोन वर्षांची अट

९ जानेवारी २००६, सोमवार
आज नंदू रेगेला निरोप दिला. लेस्टरच्या बसवर तीस वर्षं ड्रायव्हर होता. क्रेमॅटोरियमच्या दाराशी आमच्या मंडळाचा सतीश बिस्किटांचा रिकामा डबा धरून उभा. फ्युनरलचं बिल भागत नव्हतं. प्रत्येक जण नोट टाकत होता आणि नंदूची बायको यमुना जमिनीकडे बघत होती. मीही वीस पौंड टाकले.
संकल्प: माझ्या वेळी डबा फिरणार नाही. अंत्यविधीचा खर्च भागेल एवढा विमा या महिनाअखेर.
बायको, सुनेत्रा, म्हणाली, तुम्हाला कोण देणार. मी म्हटलं, कोण नाही देणार.

१४ जानेवारी
फॉर्म भरला. तब्येतीचे दोन पानं प्रश्न. विचारपूर्वक उत्तरं दिली.
हृदयविकार: नाही. (होता. २००१ ला बायपास झाली. म्हणजे पाइप नवे आहेत.)
डायबिटीस: कंट्रोलमध्ये. (सुनेत्राच्या.)
किडनी: नॉर्मल. (एक जरा स्लो आहे. अडुसष्टाव्या वर्षी कोण फास्ट असतं.)
दम लागतो का: नाही. आमचा जिनाच उभा आहे.
सिगरेट: नाही. बागेतल्या शेडमध्ये, ती पण पाऊस असला तरच. त्याला ओढणं म्हणत नाहीत.

३ फेब्रुवारी
कंपनीने माझ्या डॉक्टरकडून रिपोर्ट मागवला. पाठवण्याआधी तो वाचायचा मला कायद्याने हक्क आहे, म्हणून सर्जरीत, म्हणजे तिच्या दवाखान्यात, गेलो.
आमची जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, डॉ. पूर्वी सामंत. हिच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या आहेत. रिपोर्टमध्ये लिहिते, 'सिव्हिअर हार्ट फेल्युअर. पूअर इनसाइट.'
इनसाइट म्हणजे काय, विचारलं. म्हणाली, "काका, म्हणजे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुम्ही खूप जास्त आजारी आहात."
इथे जन्मलेल्या मुलांना मोठ्या माणसांशी कसं बोलावं ते कळत नाही. तिला म्हटलं, जरा सौम्य लिही. म्हणाली, हे सौम्यच आहे.

२० फेब्रुवारी
नकार आला. दोन ओळी. डॉ. पूर्वीच्या आईबापांना या दिवाळीला कार्ड नाही.

२७ फेब्रुवारी
मँचेस्टरचा एक ब्रोकर सापडला. आजारी लोकांचे विमे हीच त्याची खासियत. त्याच्या भाषेत 'इम्पेअर्ड लाइफ', म्हणजे बिघडलेला जीव. अपमान गिळला.
त्याच्या ऑफिसातल्या मुलीचा मुलाखतीसाठी फोन यायचा होता. नेमका मी दूध आणायला गेलेलो. परत आलो तर सुनेत्रा फोनवर. चाळीस मिनिटं. सगळं सांगून टाकलेलं. जिन्यात दोनदा थांबतो ते, तीन उशा लागतात ते, शेडसुद्धा.
घरभेदी, असं म्हणालो. ती भाजी चिरतच बोलली. "खोटं सांगून पॉलिसी मिळाली असती, तर क्लेम करायला कोण जाणार होतं? तुम्ही नाही. मी. आणि त्यांनी खोटं पकडलं असतं, तर यमुनासारखी मीच उभी राहिले असते ना?"
तिला धंद्यातलं कळत नाही. भाजीत मीठ नव्हतं, तेही बोललो नाही.

३ मार्च
ब्रोकरनेही हात वर केले. सॉरी म्हणाला. मुलगी तरी बरी होती, म्हणाली, तुमची मिसेस फार चांगलं बोलते.

७ मार्च, दुपार
टीव्हीवर जाहिरात. पन्नाशीपुढच्यांसाठी प्लॅन. ॲक्सेप्टन्सची गॅरंटी, तब्येतीचा एकही प्रश्न नाही. वर पेन फुकट. लगेच फोन केला. बायको, डॉक्टर, कोणाचा संबंध नाही.

२१ मार्च
मंजूर. सर्टिफिकेट आलं. एक प्रश्न विचारला नाही. अनुभवी कंपन्यांना आवाजावरूनच माणूस कळतो. हप्ता जॉइंट अकाउंटमधून डायरेक्ट डेबिटने जाणार. बँकेचं रोजचं सुनेत्रा बघते. मी धोरणं ठरवतो.

३० मार्च, गुढीपाडवा
मंडळाच्या कार्यक्रमात सर्टिफिकेट नेलं होतं. सहज. श्रीखंड येईपर्यंत चार टेबलांना दाखवून झालं. सतीशने चष्मा लावून मागची बाजू वाचली.
म्हणाला, "दीनानाथ, अरे हे सगळ्यांनाच देतात. श्वास चालू असला की झालं. आणि हे वाचलंस का? पहिल्या दोन वर्षांत आजाराने गेलास, तर भरलेले हप्ते तेवढे परत. बाकी काही नाही."
टेबलावरचे सगळे हसले. पस्तीस वर्षांचे मित्र. मीही हसलो, पण ते निराळं.
घरी येऊन बारीक अक्षर वाचलं. खरं आहे. अपघाताने गेलो तर मात्र पूर्ण रक्कम. सुनेत्रा म्हणाली, म्हणून रस्ता बघून ओलांडत जा.

३१ मार्च
संकल्प: २१ मार्च २००८ पर्यंत जगणे. रोज दोन मैल चालणे, गोड बंद, शेड बंद. कंपनीला वाटतंय मी फसलो.

१३ एप्रिल
बेलग्रेव्ह रोडवरच्या मिठाईच्या दुकानापर्यंत चालत गेलो. एवढं चालल्यावर जिलबी औषधासारखी. परत बसने.

२४ एप्रिल
पाच दिवस हॉस्पिटलात होतो. फुप्फुसात पाणी. चालणं अति झालं असावं. व्यायामाची सगळ्यांना उगाच हौस. चालणं बंद.

२७ डिसेंबर
अनुप रीडिंगहून आला होता. तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्लॅनचं ऐकून म्हणाला, "बाबा, फ्युनरलची पैसा मी देणार ना. तुमची टेन्शन कशाला?"
आधी त्याचं मराठी सुधारलं. मग सांगितलं, मला तुझ्यावर ओझं व्हायचं नाही. म्हणाला, तुम्ही मला मुलगा समजतच नाही, जिच्याकडून मदत घ्यायची लाज वाटते ती कौन्सिल समजता. एक दिवस आधीच गाडी काढून गेला.
पोटच्या मुलाला माझ्या अभिमानाची किंमत नाही. सुनेत्रा त्याला गाडीपर्यंत सोडायला गेली. तीही त्याच्याच बाजूची.

१ जुलै २००७
सरकारने आजपासून धूम्रपानबंदी आणली. शेड सार्वजनिक जागा नाही, याची खात्री करून घेतली.

१९ नोव्हेंबर
पुन्हा हॉस्पिटल, नऊ दिवस. पूर्वी भेटायला आली, तिची ड्युटी नसताना. बोललो नाही. ती बसून राहिली. निघताना माझे पाय पांघरुणात नीट खोचले. बोलायला हवं होतं बहुतेक. चार महिने उरले.

२१ मार्च २००८, शुक्रवार
दोन वर्षं पूर्ण. जगलो. ज्यांनी ज्यांनी मला मोडीत काढलं त्यांची यादी केली. पानभर झाली.
कंपनीला फोन लावला. उद्या मेलो तरी पूर्ण रक्कम, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. गुड फ्रायडे. सगळं मंगळवारपर्यंत बंद. चार दिवस जपून.

२५ मार्च, सकाळी ९.०५
फोन लागला. मुलगी म्हणाली, ही पॉलिसी लॅप्स झाली आहे. मे २००६ पासून हप्ता नाही. पत्रं पाठवली होती.
तिला नंबर पुन्हा बघायला लावला. तीनदा.

त्याच दिवशी, दुपार
डायरेक्ट डेबिट सुनेत्राने बंद केलं. पत्रंही तिनेच ठेवून घेतली. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढा मोठा दगा. मी आवाज चढवला. दम लागला. खाली बसलो.
तिने आधी पाणी दिलं. मग सांगितलं. २००६ च्या एप्रिलमध्ये मी हॉस्पिटलात असताना हार्टच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला बाजूला नेलं होतं.
"वर्ष म्हणाले. फार तर दीड. दोन वर्षं तुम्ही काढणार नव्हता. मग कंपनी नुसते हप्तेच परत देणार. तेवढेच मी दर महिन्याला बिल्डिंग सोसायटीच्या बचत खात्यात टाकले. वर व्याज."
पासबुक दाखवलं. एकही महिना चुकलेला नाही. डबा टाळण्यापुरते नाहीत, पण आहेत.
म्हटलं, मला का नाही सांगितलंस.
"तुम्ही दोन वर्षं जगायचं ठरवलं होतंत. मी कशाला मोडता घालू?"
अनुपला माहीत होतं. पूर्वीला होतं. सगळ्यांना. मी सोडून.
म्हटलं, बरं, दीड वर्ष झाल्यावर तरी परत सुरू करायचं होतंस.
म्हणाली, "दीड वर्ष झालं त्या दिवशी मी शिरा केला होता. तुम्ही विचारलंत, आज काय. मी म्हटलं, असाच."
मला आठवत नाही. दोनदा घेतला असणार.
विचारलं, आता काय म्हणतात डॉक्टर?
म्हणाली, "आता मी विचारत नाही."

२ एप्रिल
आठ दिवस अबोला धरायचं ठरवलं होतं. तीनच टिकला. गोळ्यांच्या वेळा तिलाच माहीत, त्यामुळे अडचण होते.

९ एप्रिल
त्याच कंपनीचा नवा फॉर्म आला. वय सत्तर, हप्ता वाढला. अट तीच. २०१० पर्यंत जगायचं. विश्वासघात मी विसरलेलो नाही, हे तिला जेवताना स्पष्ट सांगितलं. ती हो म्हणाली, ताट बाजूला सारलं, आणि डायरेक्ट डेबिटचा कागद स्वतःच्या हाताने भरला.