आतून कडी

प्रिय बाळ्या,

काल फोनवर तू विचारलंस, “आई, काय काय पाहिलंस?” मी पूल सांगितले, संग्रहालयं सांगितली. खरं तर या तीन देशांत मी न्हाणीघरंच पाहिली. हसू नकोस.

पहिल्या मुक्कामी न्हाणीघरात चक्क गालिचा, पुस्तकांचं कपाट आणि भिंतीवर घरमालकिणीच्या लग्नाचा फोटो! नवरानवरीसमोर मी अंग चोरून आंघोळ केली. दुसऱ्या देशात जमिनीपासून छतापर्यंत निळ्या फरशा आणि बसायला बुटकं लाकडी स्टूल. पाणी कुठेही उडवा, कुणी विचारत नाही. तिसरीकडे हॉटेलवाल्यांनी भिंतच काचेची केलेली. सोबत आलेल्या माझ्या नर्स मैत्रिणीने त्या भिंतीवर दोन चादरी टांगल्या आणि म्हणाली, “एवढे पैसे घेतात, वीटकाम परवडत नाही होय गं?”

तऱ्हा शंभर, पण प्रत्येक दाराला आतून कडी. त्या काचेच्या खोलीलासुद्धा!

आता न सांगितलेलं सांगते. निळ्या न्हाणीघरात माझा पाय घसरला. कडी लावलेली, मैत्रीण बाजारात गेलेली. मी फरशीवर बसूनच घोटा चाचपला, भिंतीतला दांडा धरला आणि उठले. कोपर सुजलं, इतकंच. मग उरलेली आंघोळ केली. सावकाश, गरम पाण्याने.

दोन वर्षांपूर्वी मी घरी पडले, तेव्हा तू आणि सूनबाईंनी न्हाणीघराची कडी काढून टाकलीत. मायेनेच काढलीत, माहीत आहे. पण तेव्हापासून मी खाकरत खाकरत आंघोळ करते रे, आत कुणी आहे हे कळावं म्हणून. नातू दोनदा आत शिरला. एकदा तू आलास, ‘सॉरी’ म्हणून मागे फिरलास आणि जेवताना आपण दोघंही ताटात बघत राहिलो. तुला जन्म दिलेल्या बाईला टॉवेल ओढून कोपऱ्यात उभं राहावं लागलं, बाळ्या.

फोनवर तू मला हे पूर्ण बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहिते. शनिवारी येते आहे. सोबत पितळी कडी आणते, बाहेरून नाण्याने फिरवून उघडणारी. तुला काळजी वाटेल म्हणून मैत्रिणीने निवडली. भिंतीत बसवायचा तसा दांडाही आणते. रविवारी सुताराला बोलाव. नाही बोलावलंस तर स्क्रू पिळायला मला येतं. यापुढे दार वाजवायचं, तीन हाका मारायच्या आणि थांबायचं. तरीही ओ आली नाही, तरच नाणं फिरवायचं. पडेन तेव्हा पडेन. पण ओ द्यायची की नाही, ते मी ठरवीन.

तुझीच, अजून धडधाकट,
आई