शिंगाळ्याचा काटा

११ जाने., रवि.
आत्या पुन्हा पडली. वलांडीवर, सुकवायच्या बांबूंवर, बोंबील टांगताना, दोन्ही हात वर असताना. पाय दुमडले नाहीत, लाकडासारखे ताठ झाले आणि ती कलंडली. शेजारणी धावल्या तर ही वाळूत बसून हसतेय.
बाबा म्हणाले, "बाय, गुडघ्याचं तेल संपलं काय?"
"तेलानं तुझ्या बोटीचं इंजिन चालव. माझं नाय चालत."
पावसाळ्यापासून हेच. आधी पायातली चप्पल निसटायची, तिला कळायचं नाही. मग भिंत धरून चालणं. बोईसरला कमरेचा एमआरआय झाला : वयोमानानुसार झीज. पट्टा, गोळ्या. मग पाम गावचा एक हाड बसवणारा पाठ चोळून गेला. सगळ्यांना पटलंय की वय झालं. मलाच का पटत नाही?

१४ जाने., बुध.
संक्रांत. आत्याला वाकता येत नाही, म्हणून पाय धुवायला मी बसले. डाव्या टाचेजवळ काळं टोक दिसलं. चिमट्याने ओढलं तर शिंगाळ्याचा काटा निघाला, बोटाच्या पेराएवढा. भोवती पू.
हा मासा बोटीवर कुणाला टोचला की चांगला गडी आईच्या नावाने ओरडतो. खांद्यापर्यंत ठणका जातो.
"आत्या, कधी घुसला हा?"
"काय?" ती तिळगूळ चघळत होती.
काकी म्हणाली, "बाईचे पाय मासळीनं टणक झालेत, काय लागत नाय." सगळे हसले. बाबांना तर अभिमानच वाटला.
मला हसू आलं नाही. कातडी टणक असती तर काटा आत गेलाच नसता. तो गेला होता. तिला कळला नव्हता.

१७ जाने., शनि.
पालघरला नव्या डॉक्टर बाई. मी काटा कागदात बांधून नेला होता. दाखवताना लाज वाटली, पण त्यांनी नीट पाहिला.
गुडघ्यावर हातोडी मारली तसा आत्याचा पाय जोरात उडाला. बाबा खूश. "बघा, अजून जोर हाय!"
"हा जोर चांगला नाही, काका. वरून पायाला आवर घालणारं काहीतरी बंद पडलंय."
मग टाचणी. पावलापासून वर वर येत होत्या. आत्या डोळे मिटून नाय, नाय म्हणत होती. बेंबीच्या थोडं वर आल्यावर ओरडली, "आई गं! जीव घेतेस काय?" तिथे त्यांनी पेनाने रेघ मारली.
"साडी नेसायची खूण केलीस का गो?" आत्या.
डॉक्टर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, फोटो कमरेचा काढलाय. दुखणं त्याच्या वर आहे, छातीच्या मागे. उशीर करू नका.
लघवीचं विचारलं. आत्याने भिंतीकडे पाहिलं. "होते कदी कदी. पोचायच्या आत."
मला माहीत नव्हतं. पहाटे उठून साड्या धुवायची ती यासाठी.

१९ जाने., सोम.
कारखान्याच्या लॅबमध्ये कामात लक्ष नव्हतं. दुपारी पॅकिंगचा यादव सांगायला आला, "मॅडम, सॅम्पल गलत ड्रम से आ गया." मी केलेला रिपोर्ट अगदी बरोबर होता. दुसऱ्याच ड्रमचा.
बाथरूममध्ये जाऊन रडले.

२१ जाने., बुध.
गाठ आहे. मणक्याच्या आत, पाठीच्या मधल्या भागात. नव्या एमआरआयच्या फिल्मवर मज्जारज्जू तिच्या दाबाने एका बाजूला चेपला गेलेला दिसतो.
डॉ. बाई : बहुतेक साधी, कॅन्सर नसावा, पण काढून तपासल्याशिवाय खात्री देणार नाही. नाही काढली तर पाय जाणार. काढली तरी गेलेलं किती परत येईल, सांगता येत नाही. मुंबईला न्या.
जिन्यात बाबा म्हणाले, "बायसमोर गाठ म्हणायचं नाय. नस दबलीय म्हणायचं. भिऊन ऑपरेशनला नाय म्हणेल ती."
मान डोलावली. पण शाळेच्या आधी अक्षरं मला आत्याने शिकवली, ओल्या वाळूत काडीने. आणि बाजारात मासळीच्या टोपलीमागे बसवून दुसरं एक : गिऱ्हाइकानं विचारलं तर खरं सांगायचं, नाय विचारलं तर गप.
तिने अजून विचारलेलं नाही.

२५ जाने., रवि.
विचारलं. अंगणात सोडे निवडत होती. वर न बघता, "गाठ हाय ना?"
"हो."
"चालेन?"
"माहीत नाही, आत्या."
सोडे एकीकडे, सालं एकीकडे. मग, "मासळी ताजी हाय का विचारल्यावर असं बोलशील तर गिऱ्हाईक पळंल तुजं."
मग, "पडून राहीन नि तुमी मना धुवाल, ते नको. कापू दे."
बाबांना कळलं. माझ्याशी बोलत नाहीत. "भिऊन मेली असती तर?" एवढंच. ती भ्यायली होतीच. उठताना पाहिलं, सालांच्या ढिगात अर्धे सोडे होते.

३ फेब्रु., मंगळ., मुंबई
सकाळी ऑपरेशनला आत नेलं. बांगड्या माझ्या हातात दिल्या. हिरव्या काचेच्या, मासळीचा वास अजून आहे. बाबा आज माझ्याशेजारी बसले.
संध्याकाळी सर्जन बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली. पायांचं विचारलं तर म्हणाले, वाट बघा.

१० फेब्रु., मंगळ.
तपासणीचा रिपोर्ट आला. साधी गाठ. बाबा कॉरिडॉरमध्ये भिंतीला डोकं टेकून उभे राहिले. पाय तसेच.

१५ फेब्रु., रवि., शिरगाव
परवा घरी आणलं. पलंग खिडकीशी लावला, वलांडी दिसते. रोज पाय हलवून घ्यायचे आणि स्पर्श कळतो का पाहायचं, असं सांगितलंय. महिने लागतील, किंवा नाहीच.
ती डोळे मिटते, मी कापसाची वात पायाला लावते. काल दोनदा "लागलं" म्हणाली. बाबांनी वाडीभर सांगितलं.
आज मला राहवलं नाही. लॅबमध्ये आम्ही ब्लँक चालवतो, ज्यात काहीच घातलेलं नसतं, त्यात काही निघालं नाही तरच बाकीच्यावर विश्वास ठेवता येतो. वात हातातच धरली, पायाला लावली नाही.
"लागलं?"
"हां, लागलं पोरी." डोळे मिटून, हसून.
मग खरंच अंगठ्याला लावली. पुन्हा "लागलं", तेवढंच गोड. पण या वेळी अंगठा हलल्यासारखा वाटला. की माझं कोपर चादरीला लागलं, कळेना. पुन्हा करून बघायला हवं होतं. धीर झाला नाही.
बाबांची बोट भरतीबरोबर येईल. आल्या आल्या ते विचारतील, आज लागलं का.