जप्तीचं वॉरंट आणि माझी भूमिका

१ डिसेंबर, सोमवार. सायंकाळी साडेपाच.
आज राज्यसत्ता माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. चपला बाहेर काढून.

कोर्टाचा बेलिफ. नाव सुका. मनोरच्या शाळेत मी त्याला नववीत इतिहास शिकवला, हे त्यानेच सांगितलं. हातात वॉरंट. माझ्या नावावरच्या स्कूटरचं जुनं ई-चलान आहे, ते भरलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं, तिथेही मी गेलो नाही, आता पंधरा तारखेच्या आत दंड भरायचा, नाहीतर गाडी जप्त.

मला या चलानाची काडीमात्र कल्पना नाही! ज्या दंडाची नागरिकाला खबरच नाही, तो दंड नव्हे, ती खंडणी. हे वाक्य जागच्या जागी सुचलं. पुढे चाळीस मिनिटं बोललो. रोमन साम्राज्याचे करवसुलीवाले, फ्रेंच राज्यक्रांती, मिठाचा कायदा, सगळं आलं. सुका ओट्यावर बसून चहा पीत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, वर्गात पन तुमी असंच बोलायचे. घंटा झाली तरी थांबायचे नाय. हितं सही करा."

केली. पण सहीच्या वर 'निषेधासह' असं ठळक लिहिलं. तो कागदाची घडी खिशात घालून निघून गेला.

संकल्प: एक पैसाही भरणार नाही.

२ डिसेंबर, मंगळवार. सकाळी सव्वासहा.
समिधा, माझी सून, आत्ताच स्कूटर घेऊन गेली. चिरंजीव मितेश वापीला नोकरीला, रविवारपुरता येतो. समिधा तारापूर एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. पहिली पाळी सातची. कंपनी पार दुसऱ्या टोकाला. आमच्या बेटेगावातून रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही आणि सहा वाजता ती भरत नाही. म्हणून गाडी माझ्या नावावर असली तरी चालवते ती.

जाताना दारात थांबून म्हणाली, "बाबा, माझे दोन लेट मार्क झालेत. याच महिन्यात कायम करायची यादी लागणार आहे. तिसरा लागला तर नाव कटतं. भरून टाकूया ना."

मी तिला समजावलं. प्रश्न गाडीचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, "मी जाते गाडीवर, बाबा. तत्त्वावर नाही जाता येत."

तरुण पिढी शब्दांत चपळ आहे, विचारात उथळ. तरी मी तिला शब्द दिला: या अंगणातून तुझी गाडी कोणी हलवणार नाही.

आतून सौ. जयवंती बोलली, "शब्दांना काय कमी हाय आपल्याकडं."

४ डिसेंबर, गुरुवार.
पालघर. कोर्टाबाहेर ॲड. भावना यांना भेटलो. वय फार तर तीस. त्यांना प्रकरणाचं ऐतिहासिक महत्त्व सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, शनिवारी तेराला लोकअदालत आहे, दंड निम्म्यावर येईल, गाडीमालकाने स्वतः येऊन सही करायची, वॉरंट रद्द, दहा मिनिटांचं काम.

मी म्हणालो, मला दहा मिनिटं पुरणार नाहीत, मला माझी भूमिका मांडायची आहे. तर म्हणाल्या, "काका, भूमिका नंतर घ्या. आधी टोकन घ्या."

कायद्याचं शिक्षण किती यांत्रिक झालं आहे. फाईल मंगळवारी काढून ठेवते म्हणाल्या.

संकल्प: लोकअदालतीत जायचं. पण सहीला नव्हे.

७ डिसेंबर, रविवार. रात्री आठ.
बोईसरच्या नाक्यावर जाहीर निषेध सभा. सायंकाळी पाच. शंभर पत्रकं वाटली होती. मितेश येणार होता, पण त्याला ऐन वेळी झोप लागली.

उपस्थिती: सुरुवातीला चौघे. मी 'बंधुभगिनींनो' म्हणताच दोघे गेले. मग मात्र पाळी सुटली आणि तीस-चाळीस कामगार समोर येऊन उभे राहिले. असा श्रोता कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. एकटक बघत होते. मी हिंदीकडे वळलो. रक्त तापलं. 'साथियों, आज मेरी स्कूटर है, कल तुम्हारी साइकिल होगी!' पहिल्या रांगेतल्या एकाने अत्यंत आदराने विचारलं, "चाचा, बस यहीं रुकती है ना?"

बस आली. सभा संपली.

एकूण सभा यशस्वी. शेंगदाणेवाला शेवटपर्यंत थांबला होता.

९ डिसेंबर, मंगळवार.
ॲड. भावनांकडे फाईल पाहिली. दोन गोष्टी उघड झाल्या. दोन्ही माझ्या बाजूच्या आहेत, फक्त नीट पाहायला हव्यात.

पहिली, फोटो. मागच्या वर्षीच्या जानेवारीतला. मनोरला रस्ता सुरक्षा सप्ताहाच्या समारोपाला मी प्रमुख वक्ता होतो. विषय: 'हेल्मेट: आधुनिक माणसाचं शिरस्त्राण'. सव्वा तास बोललो होतो, दोन विद्यार्थिनींना चक्कर आली होती. शेवटी आयोजकांनी फेटा बांधला. केशरी, तुरा चांगला वीतभर. परत निघताना प्रश्न असा की फेट्यावर हेल्मेट बसेना. आणि समाजाने डोक्यावर ठेवलेला मान रस्त्यात उतरवून डिकीत कोंबायचा? तो समाजाचा अपमान झाला असता. म्हणून हेल्मेट डिकीत ठेवलं आणि तसाच निघालो. जरा हळूच चालवत होतो. लोकांना दिसलं तर बरं, एवढाच हेतू. हायवेवरच्या कॅमेऱ्याला दिसलं.

फोटो मात्र उत्तम आला आहे. मान ताठ, नजर दूरवर. भावनांना एक प्रत मागितली. त्यांनी कपाळाला हात लावला.

दुसरी, नोटिसा. तीन वेळा रजिस्टर पोस्टाने आल्या होत्या म्हणे. तिन्ही परत गेल्या. पाकिटांवर शेरा: 'पत्ता इंग्रजीत. स्वीकारणार नाही. एक मराठी माणूस.' अक्षर माझं. वळणदार आहे, नाकारत नाही. त्या काळात इंग्रजी पत्त्याच्या टपालावर माझा बहिष्कार चालू होता. पोस्टमनने तेव्हा सांगितलंही होतं, सर, आत मराठीतच असंल, उघडून तरी बघा. पण बहिष्कार म्हणजे बहिष्कार.

भावना म्हणाल्या, "म्हणजे काका, तुम्हाला तीनदा कळवलं होतं." मी म्हणालो, छे, उलट मला माहीत नव्हतं हे यातूनच सिद्ध होतं. न उघडलेलं पत्र माहीत कसं असेल? त्यांनी फाईल बंद केली. मुद्दा पटला असावा.

मोबाईलवरही मेसेज आले होते. मेसेज मी वाचत नाही. वाचनाला पुस्तकं आहेत.

१२ डिसेंबर, शुक्रवार. रात्री.
समिधाने फॉर्म भरून आणला. तिला उद्या सुट्टी नाही. दंडाचे पैसे पाकिटात घालून माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाली, "बाबा, फक्त सही. प्लीज. तिथे काही बोलू नका." मी म्हणालो, बरं.

भाषणाचा मसुदा अकरा पानं झाला आहे. नऊवर आणायचा.

१३ डिसेंबर, शनिवार.
लोकअदालत. टोकन एक्केचाळीस. समोर निवृत्त न्यायाधीश आणि एक वकील बाई. मी उभा राहिलो, फाईल बाजूला ठेवली आणि 'सन्माननीय व्यासपीठ' अशी सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "काका, सही इथे." मी म्हणालो, आधी माझी भूमिका ऐकावी लागेल. न्यायाधीशांनी विचारलं, तडजोड मान्य आहे की नाही? मागे बेचाळीस नंबरवाला कुरकुरत होता, "आजोबा, आमाला पन घरं हायत."

त्या क्षणी मला समिधा आठवली. खोटं कशाला लिहू, आठवली. पेन हातात होतं. पण समोर दीडशे माणसं बसली होती.

मी म्हणालो, "पैशाची तडजोड होते. माणसाच्या मानेची होत नाही!"

टाळ्या पडल्या नाहीत, पण पहिल्या रांगेने मान वर करून पाहिलं. बाईंनी फॉर्मवर 'तडजोड नाही' लिहिलं आणि बेचाळीस नंबर पुकारला. नऊ पानं तशीच राहिली.

घरी आलो. समिधा पाळीवरून येऊन बसली होती. विचारलं, "झालं का बाबा?" मी म्हणालो, झालं. तात्त्विकदृष्ट्या ते खरं आहे. ती इतकी खुलली की मला दोन चमचे जास्त साखर घालून चहा दिला. पाकीट खणात ठेवलं आहे. योग्य वेळी परत करीन.

१५ डिसेंबर, सोमवार. सायंकाळी सहा.
साडेचारला सुका आला. बरोबर टेम्पो.

समिधा नुकतीच कामावरून आली होती, हेल्मेटही काढलं नव्हतं. म्हणाली, "काहीतरी चूक आहे, बाबांनी शनिवारी भरलेत." सुका माझ्याकडे बघेना. चपलेने माती उकरत म्हणाला, "ताई, शनवारी सही झाली असती तर मी आलोच नसतो. सरांनी तडजोड नाय केली. कागदावर लिवलंय."

मी लगेच ओट्यावर चढून बोलायला सुरुवात केली. ती परिस्थितीची मागणी होती. शेजारचे जमले. सुका म्हणाला, "सर, तुमी चालू ठेवा. मी पंचनामा लिवतो." पंच म्हणून शेजारच्या विपुलने आणि मंगलाने सही केली. दोघं माझ्या प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या रांगेत असतात.

खणातलं पाकीट मला मध्येच आठवलं. ते आणून दिलं. सुका म्हणाला, आज पैसे घेता येत नाहीत, आता गाडी जमा होणार, कोर्टातूनच सोडवायची, दोन-तीन आठवडे धरा.

समिधाने पाकिटाकडे पाहिलं. मग डिकी उघडून रेनकोट, ॲप्रन आणि पाण्याची बाटली काढली. किल्ली सुकाच्या हातात दिली. जयवंती तेवढी म्हणाली, "बोलायला मिळालं ना तुमाला? मग झालं तर."

१६ डिसेंबर, मंगळवार.
समिधा पावणेसहाला पायी निघाली. नाक्यावर रिक्षा भरेना. कंपनीच्या गेटवर सात वाजून अकरा मिनिटांनी पोचली. हे जयवंतीने सांगितलं, भिंतीकडे बघून.

अकरा मिनिटांसाठी माणसाला शिक्षा करणारी व्यवस्था! यावर लिहिलंच पाहिजे. शीर्षक सुचलं: 'अकरा मिनिटांचा तुरुंग'.

१९ डिसेंबर, शुक्रवार.
यादीतून समिधाचं नाव काढलं. आणखी सहा महिने कंत्राटावर. पुन्हा उशीर झाला तर येऊ नका, असं सांगितलंय. तिच्या मागून कामाला लागलेल्या दीपाचं नाव यादीत आलं.

मी तिच्या कंपनीच्या मॅनेजरला भेटून माझी बाजू मांडतो म्हणालो. त्यावर ती चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "बाबा, तुमच्या पाया पडते."

संकल्प: मॅनेजरला भेटणार नाही. (तूर्त.)

२८ डिसेंबर, रविवार. दुपारी तीन.
समिधाने कंपनीच्या गेटजवळ दीपाच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. चालत सहा मिनिटं. सकाळी टेम्पो आला, तिचं कपाट आणि गॅस गेला. मितेशही यापुढे रविवारी वापीहून परस्पर तिकडेच उतरणार. जयवंती म्हणाली, मी पण चार दिवस जाते, पोरीला मांडामांड करायला. चार दिवसांसाठी तिने देवघरातले देव नेले.

दाराशी मी त्यांना थोडक्यात माझी भूमिका सांगितली. टेम्पो चालू होता, त्यामुळे ऐकू गेलं असेल की नाही कळत नाही.

दुपारी 'अकरा मिनिटांचा तुरुंग' संपूर्ण मोठ्याने म्हणून पाहिलं. उभं राहून, पुढच्या खोलीत. पन्नास मिनिटं.

मध्ये कोणीही बोललं नाही.