पोटॅशियमची बाटली

मारोतीभाऊ,

काल तिगावला तुमच्या तेरवीला आले होते. शांताबाईंनी मला बाजूला नेलं आणि म्हणाल्या, "मॅडम, आमच्या ह्यायच्या चुकीनं तुमच्यावर बालंट आलं होतं. मनात ठेवू नका." मी नुसती मान हलवली आणि निघून आले. म्हणून आज लिहून राहिले. सहा वर्षांत तुम्ही बायकोलासुद्धा खरं सांगितलं नाही?

सौंसरच्या शाळेत मी नवी होते. तुम्ही मात्र कितीतरी वर्षं कंत्राटावर लॅब सांभाळत होतात. कोणत्या बाटलीला कसा हात लावायचा, तुम्हाला ठाऊक होतं. मला वाटायचं, दहावी नापास माणूस मला काय शिकवणार! लिहितानाही लाज वाटते.

त्या दिवशी अकरावीच्या मुलींना आवर्तसारणी शिकवत होते. फळ्यावर पहिला गट लिहिला. लिथियम, सोडियम, पोटॅशियम. खाली उतरत गेलं की अणू मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन सहज सुटतो, धातू जास्त क्रियाशील होतो. उजवीकडच्या हॅलोजनांत उलटं, तिथं सगळ्यात वरचा फ्लोरीन सगळ्यात जहाल. मग पाण्यात लिथियम टाकलं. ते संथपणे बुडबुडे सोडत राहिलं. सोडियमचा गोळा होऊन तो पाण्यावर पळाला. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मी पोटॅशियम मागितलं.

तुम्ही दिलं नाही.

"मॅडम, हे लय जुनं हाये. वरून पिवळं पडलं. आधीच्या सरांनी याले हात लावू नको म्हणून सांगतलं होतं."

मुलींसमोर मला ते लागलं. तुम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, स्वतः कपाटातून बाटली काढली आणि सोडियमएवढाच तुकडा कापून टाकला. पाचच मिनिटांपूर्वी मी फळ्यावर काय लिहिलं होतं? मला तरी ते समजलं होतं का?

जांभळी ज्वाळा दिसली. तुम्ही मला ढकललं आणि काचेचं भांडं फुटलं. त्या पाण्याचं आता जळजळीत अल्कली द्रावण झालं होतं. ते तुमच्या दोन्ही डोळ्यांत गेलं. नागपूरला नेलं, पण डावा डोळा गेलाच. उजव्याला नुसता उजेड कळायचा.

चौकशीत विचारलं, बाटली कोणी काढली? माझी नोकरी पक्की व्हायची होती. मी खाली पाहत राहिले. तुम्ही पट्टी बांधून बसला होता. म्हणालात, "म्याच चुकून देल्ली, साहेब." त्या कागदावर खाली मी सही केली. तुमचं कंत्राट गेलं.

एकदाच भेटायला आले. तुम्ही एवढंच विचारलं, कोण्या पोरीला लागलं तर नाही ना? मी नाही म्हटलं, चहा प्यायले आणि परत आले. पुन्हा का आले नाही, ते तुम्हाला कळलंच असेल.

आणि आता विहिरीत पडून तुम्ही गेलात. काठ दिसला असता तर पाय चुकला असता का, भाऊ?

उद्या प्राचार्यांना लेखी देते. बाटली मी काढली, तुकडा मी कापला, मारोतीभाऊंनी मला अडवलं होतं. नोकरीचं जे व्हायचं ते होवो. पण त्याआधी तिगावला जाऊन शांताबाईंना सगळं सांगेन, हा शब्द देते. त्यांच्याकडे माफी मात्र मागणार नाही. मागितली तर त्या देऊन टाकतील.

तुमची
सुनीता मॅडम